शंभर टक्के

लग्नाआधीची चौकशी हे धर्मगुरूच्या नेहमीच्या कामांपैकी एक. वधू आणि वर यांना वेगवेगळे बसवून ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरे कागदावर उतरवायची आणि शेवटी तो कागद वाचायला देऊन खाली सही घ्यायची. २०१६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात असाच एक तरुण माझ्यासमोर बसला होता. वधू आमच्या धर्मग्रामातली, वर दुसऱ्या धर्मग्रामातला. स्वतःचा टेम्पो चालवणारा, अंगापिंडाने भक्कम, बोलायला मोकळा. प्रश्नोत्तरे संपली. मी कागद पुढे सरकवला आणि म्हणालो, "एकदा वाचून घे आणि सही कर."

त्याने कागद हातात घेतला, थोडा वेळ त्याकडे पाहिले आणि परत माझ्याकडे सरकवला. "फादर, तुम्हीच वाचून दाखवा. चष्मा आणला नाही."

सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या नाकावर चष्म्याचा वण नव्हता. मी काही न बोलता कागद वाचून दाखवला. त्याने सावकाश, एकेक अक्षर जणू चित्र काढावे तसे आपले नाव लिहिले. मी सहज विचारले, "शाळा कोणती तुझी?" त्याने नाव सांगितले आणि माझ्या हातातला कागद तसाच राहिला. ती आमच्या चर्चची शाळा. २००३-०४ मध्ये त्या शाळेचा व्यवस्थापक मीच होतो.

"किती शिकलास?"

"नववीपर्यंत बसलो की, फादर."

'शिकलो' असे तो म्हणाला नाही. 'बसलो' म्हणाला. त्या एका शब्दाने मला पुढची कित्येक वर्षे स्वस्थ बसू दिले नाही.

त्या काळातली आमची शाळा वाचकांपैकी अनेकांना ओळखीची वाटेल. चर्चच्या आवारातली कौलारू इमारत, पुढे क्रॉस, बाजूला चिंचेचे झाड, आणि जून महिन्यात फाटकावर लागणारा कापडी फलक : 'दहावीचा निकाल शंभर टक्के'. तो फलक पाहून धर्मग्रामातील लोक माझे अभिनंदन करत. मिस्सानंतर मी मुख्याध्यापकांचे व शिक्षकांचे जाहीर कौतुक करत असे. मात्र हे शंभर टक्के कसे जमवले जात, हे फलकावर लिहिलेले नसे.

दरवर्षी नववीच्या अखेरीस शिक्षकांची एक बैठक होई. तीत एक छोटी यादी निघे. 'ही मुले दहावीत निघणार नाहीत.' मग त्या मुलांच्या पालकांना बोलावले जाई. मूल शाळेतून काढायचे आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसवायचे, असा सल्ला दिला जाई. मूल बाहेरून नापास झाले तर ते शाळेच्या निकालात धरले जात नाही. यात नियमाचा भंग नव्हता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही असे आणि त्या यादीला व्यवस्थापकाची संमती असे. म्हणजे माझी.

त्या तरुणाची आईही तेव्हा माझ्याकडे आली असली पाहिजे. मला तिचा चेहरा आठवत नाही, आणि हे मला सर्वांत अधिक बोचते. हरवलेल्या मेंढराचा दाखला मी दरवर्षी व्यासपीठावरून समजावून सांगतो. नव्याण्णव ठेवून एकाच्या शोधात निघालेला मेंढपाळ लहान मुलांनाही ठाऊक आहे. आणि मी स्वतः शंभराचा आकडा पुरा दिसावा म्हणून त्या एकाला कळपाबाहेर ठेवण्यास मान डोलावली होती.

लग्न लागले, जेवणावळ झाली. माझ्या मनातला प्रश्न मात्र उठून गेला नाही. नऊ वर्षे एक मूल आमच्या वर्गात बसले, रोज हजेरी लागली, तरी त्याला वाचता का आले नाही? सेमिनरीत माझ्याबरोबर असलेला एक मित्र पुढे शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक झाला. मी त्याला हे सारे लिहिले. त्याने उपदेश केला नाही. शाळा, शिक्षक आणि मुलांचे शिकणे यांवरच्या संशोधनाचा एक गठ्ठा पाठवून दिला. तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान वाचण्याची सवय असलेल्या मला ते तक्ते प्रारंभी रुक्ष वाटले. हळूहळू लक्षात आले की माझ्या मनात तीन उत्तरे आधीच तयार होती आणि हे कागद त्या तिन्हींना धक्का देत होते.

माझे पहिले उत्तर असे होते : वर्गात मुले फार. साठ मुलांत शिक्षक कोणाकोणाकडे पाहणार? याला आधारही सापडला. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. लहान मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निरनिराळ्या वर्गांत घातले गेले. काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ मुलांचे. लहान वर्गांतील मुले पुढे गेली, आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलांचा लाभ अधिक झाला. मला हायसे वाटले.

पण मित्राने पुढचा कागद आपल्याच दारातला ठेवला होता. मुंबईत १९९५ साली 'प्रथम' ही संस्था स्थापन झाली. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीपर्यंत येऊनही अक्षरे न ओळखणाऱ्या मुलांसाठी तिने 'बालसखी' ही योजना काढली. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील, माध्यमिक शिक्षण झालेली एखादी मुलगी. तिला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. ती वर्गातील मागे पडलेली पंधरा-वीस मुले बाजूला घेई आणि रोज दोन तास त्यांना अक्षरओळख, वाचन, साधी बेरीज-वजाबाकी शिकवी. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वडोदरा येथे व मुंबईच्या एल विभागात या योजनेची काटेकोर तपासणी केली. बालसखीकडे गेलेली मुले स्पष्टपणे पुढे सरकली.

यातला मला थांबवणारा भाग पुढेच आहे. वीस मुले बालसखीकडे गेल्यावर मागे राहिलेला वर्गही लहान झाला होता. नेहमीचा, प्रशिक्षित, पूर्ण पगारी शिक्षक आणि कमी मुले. माझ्या हिशेबाने या मुलांचीही प्रगती व्हायला हवी होती. ती झालेली दिसली नाही. वर्ग लहान झाला, पण शिकवणे तेच राहिले. पुस्तकाचे तेच पान, तोच वेग. ज्यांच्यासाठी शिकवण्याची पायरी बदलली, तीच मुले पुढे गेली. हेही सांगितले पाहिजे की योजना सुटल्यानंतर एका वर्षाने हा लाभ बराच ओसरला होता. संशोधकांनी तेही लपवले नाही. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा वृत्तपत्रांत पुष्कळ छापून आले. पण मला आठवली ती मुंबईच्या शाळेतील, पाचशे रुपयांवर मुलांना अक्षरे गिरवून घेणारी मुलगी.

माझे दुसरे उत्तर शिक्षकांवर बोट ठेवणारे होते. शिक्षक येत नाहीत, आले तर शिकवत नाहीत. यालाही आकडे होते. २००३ साली क्रेमर आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत देशभरातील सरकारी प्राथमिक शाळांना पूर्वसूचना न देता भेटी दिल्या गेल्या. चारातला एक शिक्षक जागेवर नव्हता. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत कमी, म्हणजे सुमारे १५ टक्के होते. त्याच सुमारास उदयपूरजवळच्या खेड्यांत 'सेवा मंदिर' या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत एक उपाय झाला. शिक्षकाने रोज शाळा सुरू होताना आणि सुटताना मुलांसह छायाचित्र काढून घ्यायचे. कॅमेऱ्यात तारीख व वेळ उमटे आणि पगार हजर दिवसांवर ठरे. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांचे गुणही वाढले.

म्हणजे शिक्षक आल्याने फरक पडतो, हे खरेच. पण आमचे शिक्षक तर येत होते! पावसात गुडघाभर पाण्यातून, भाताची लावणी घरी सोडून येत होते. त्यांना दोष देऊन मी सुटणार नव्हतो.

आमच्या त्या शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवणाऱ्या एक बाई आता निवृत्त होऊन घरी असतात. मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ओटीवर खुर्ची मांडली, चहा केला. मी त्या मुलाचे नाव काढले. त्यांना तो चांगला आठवत होता. वडील खाडीत रेती काढायला जात. मुलगा शांत. फळ्यावरचे अक्षर हुबेहूब उतरवून घेई, त्यामुळे वही नेहमी भरलेली.

"बाई, त्याला वाचता येत नाही हे तुम्हाला कळले नव्हते?"

त्या पटकन बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कळलं होतं, फादर. तिसरीतच कळलं होतं. पण सांगू कोणाला? तुम्ही मीटिंगला यायचा, तेव्हा विचारायचा, पोर्शन कुठवर आला. मुलं कुठवर आली, हे कधी कोणी विचारलंच नाही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. चहा निवत गेला. मला सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

बाईंचे हे एक वाक्य संशोधकांनी निराळ्या शब्दांत सिद्ध करून ठेवले आहे, हे मला नंतर उमगले. माझे तिसरे उत्तर होते प्रशिक्षण : शिक्षकांना नव्या पद्धती शिकवा, नवे साहित्य द्या, सारे सुधारेल. बिहारमध्ये २००८ च्या जून महिन्यात सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी वर्ग घेतले. मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या पायरीपासून शिकवले. एका महिन्यात मुलांच्या वाचनात फरक पडला. पण शाळा सुरू झाल्यावर, प्रशिक्षण व साहित्य मिळालेल्या त्याच सरकारी शिक्षकांकडून वर्गात तसे काही घडले नाही. उन्हाळ्यात त्यांना 'मुलांना वाचायला शिकवा' असे सांगितले होते. शाळेच्या दिवसांत 'पुस्तक पुरे करा' असे सांगितले होते. शिक्षक तोच, मूल तेच, आज्ञा निराळी. पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात सरकारनेच शाळेचा एक तास या कामासाठी राखून ठेवला. तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता विसरून वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवली आणि पर्यवेक्षकही त्याच गोष्टीची विचारपूस करू लागले. तेव्हा सरकारी शिक्षकांच्या हातूनही हिंदी वाचन सुधारले.

२००९ साली संसदेने शिक्षण हक्काचा कायदा केला. त्यातील चोविसाव्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये मोजून दिली आहेत. एक कर्तव्य असे की ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करावा. त्याच्या लगतचे कर्तव्य असे की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे त्याला अधिक शिकवावे. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी आहेत. अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले. पण कायदा लागू असो वा नसो, पहिले वाक्य आपण सर्वांनी पाठ केले आणि दुसरे वाचायचे राहून गेले.

एक चौथे उत्तरही आपल्या लोकांच्या तोंडी सदैव असते : आईबाप अडाणी, घरी वातावरण नाही, शाळा काय करणार? याचा मोठा अभ्यास अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती गोळा करून त्यांनी दाखवले की मुलांच्या यशापयशात घरची परिस्थिती शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा अधिक वजनदार ठरते. हे वाचून शाळांनी हात झटकावेत असा मोह होतो. पण त्याच कोलमन यांनी थॉमस हॉफर यांच्यासह १९८७ साली एक पुस्तक लिहिले. त्यात असे आढळले की अमेरिकेतील कॅथोलिक माध्यमिक शाळांतून मध्येच शिक्षण सोडून जाणाऱ्या मुलांचे प्रमाण बरेच कमी होते आणि दुबळ्या घरांतील मुलांना तिथे विशेष आधार मिळत होता. त्यांनी याचे कारण इमारतीत किंवा फीमध्ये शोधले नाही. शाळेभोवतीच्या माणसांच्या विणीत शोधले. एकमेकांना ओळखणारी, एकमेकांच्या मुलांवर नजर ठेवणारी कुटुंबे, असे ते कारण. या निष्कर्षावर पुढे विद्वानांत वाद झाले, होणारच. पण मला तो वाचताना अभिमान वाटला नाही, संकोच वाटला. कारण अशी वीण आपल्याकडे होती. आपल्या मराठी शाळा त्याच विणीतून उभ्या राहिल्या. आज आपली स्वतःची मुले आपण इंग्रजी शाळांत नेली आहेत. पालकांच्या त्या निर्णयाला मी नावे ठेवत नाही. पण अनेक चर्चच्या मराठी शाळांत आता आदिवासी पाड्यांवरची आणि कामासाठी स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांची मुले अधिक दिसतात. ती आपल्या ओळखीची नाहीत. त्यांच्या आईबापांना आपण रविवारी भेटत नाही. म्हणून त्यांच्यावर नजर ठेवणारे कोणी उरलेले नाही.

२०२२ साली करोनानंतर शाळा पूर्ववत भरू लागल्या, तेव्हा मी सध्याच्या धर्मग्रामात आलो होतो. येथेही मराठी शाळा आहे. पहिल्याच महिन्यात मी 'असर'ची वाचनचाचणी मागवली. २००५ पासून देशातल्या खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन ही पाहणी केली जाते. चाचणी इतकी साधी की कोणालाही घेता यावी : काही अक्षरे, काही शब्द, चार वाक्यांचा एक परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. २०२२ च्या पाहणीत देशातील ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांनाच ती गोष्ट वाचता आली होती. मी आमच्या पाचवीच्या मुलांना एकेक करून चिंचेखाली... नाही, येथे चिंच नाही, आंब्याखाली बसवले. वर्गाचा तिसरा हिस्सा शब्दांपाशीच अडकला. एक मुलगी कागदाकडे न पाहता मला पाठ्यपुस्तकातील धडा घडाघडा म्हणून दाखवू लागली. तिला धडा पाठ होता.

शिक्षकांची बैठक घेतली. या वेळी यादी काढली ती शाळेबाहेर घालवण्यासाठी नव्हे. पहिल्या तासाला तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता सोडून वाचनाच्या पायरीप्रमाणे बसतील असे ठरले. काही शिक्षक साशंक होते. पोर्शनचे काय, तपासणीला कोणी आले तर काय, हे त्यांचे प्रश्न रास्त होते. "उत्तर द्यायला मी आहे," असे त्यांना सांगितले. रविवारी मिस्सानंतर आवाहन केल्यावर धर्मग्रामातील काही गृहिणी आणि एक निवृत्त बँक कर्मचारी पुढे आले. कॅटेकिझमच्या हॉलमध्ये जमिनीवर चटया पसरून वर्ग सुरू झाला.

चमत्कार झाला असे मी लिहिणार नाही. काही मुले दिवाळीपर्यंत गोष्ट वाचू लागली. काही वीटभट्टीच्या हंगामात आईबापांबरोबर निघून गेली आणि परतल्यावर पुन्हा अक्षरांपासून सुरुवात करावी लागली. मदतीला येणाऱ्या गृहिणींपैकी निम्म्या वर्षभरात गळाल्या. घरचे आजारपण, लग्नकार्य, कंटाळा. तरीही वर्ग चालू आहे. आणि मासिक बैठकीत मी आता एकच प्रश्न प्रथम विचारतो : मुले कुठवर आली? फाटकावर फलक लावणे बंद केले आहे. एका वर्षी आमच्या शाळेची दोन मुले दहावीला नापास झाली. ती आमच्याच शाळेतून परीक्षेला बसली होती. निकाल शंभर टक्के लागला नाही. धर्मग्राम परिषदेत एकाने विचारले, "फादर, शाळा घसरली का?" मी सारी हकीकत सांगितली. सर्वांना पटली असे नाही.

त्या टेम्पोवाल्या तरुणाची आणि माझी पुन्हा भेट झाली. पहिल्या मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी तो पत्नीच्या माहेरी, म्हणजे आमच्याकडे आला होता. विधी आटोपल्यावर मी त्याला बाजूला घेतले. त्याच्या शाळेचा तेव्हाचा मॅनेजर मीच होतो, त्या यादीला माझीच संमती होती, असे सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. पापनिवेदनाच्या खुर्चीत पंचवीस वर्षे बसलेल्या माणसाला क्षमा मागणे इतके अवघड जावे, याचे मलाच आश्चर्य वाटले.

तो ओशाळून हसला. "तुम्ही काय केलंत, फादर? मलाच येत नव्हतं."

त्याने मला क्षमा केली की नाही, मला कळले नाही. क्षमा करण्यासारखे काही घडले आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. नऊ वर्षे शाळेने त्याला वाचायला शिकवले नाही, पण दोष स्वतःचाच आहे एवढे मात्र पक्के शिकवले होते.

म्हणून या अंकाच्या वाचकांकडे माझे एक छोटे मागणे आहे. आज संध्याकाळी रोझरी झाल्यावर घरातील मुलाला जवळ बसवा. त्याने कधी न पाहिलेले एखादे पान त्याच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. मूल अडखळले तर रागावू नका. ते नेमके कुठे अडखळले, तेवढे पाहा आणि उद्या ते त्याच्या शिक्षकांच्या कानावर घाला. आणि आपल्या घरी काम करणाऱ्या बाईचे मूल चर्चच्या शाळेत जात असेल, तर त्यालाही त्याच चटईवर बसवा.